फ्यूएल पंपाचा वीजमार्ग : दोषनिदानाची पद्धत

भोरहून वरंध घाटाने महाडकडे निघालेली गाडी हिरडोशीच्या पुढे बंद पडली, की मदत मिळेपर्यंत बराच वेळ जातो. तोरण्याच्या पायथ्याशी, वेल्ह्यातही तेच. मग टोचन करून गाडी भोर, नसरापूर किंवा पुण्याच्या गॅरेजात येते. पंपाचा आवाज नाही, एवढ्यावरून पंप बदलला जातो. नवा पंपही फिरला नाही, की मग वायरिंग उघडले जाते. हा क्रम उलटा आहे. पंप वीजमार्गाच्या शेवटी असतो, म्हणून त्याच्यावर ठपका ठेवण्याआधी आधीचा सगळा मार्ग निर्दोष ठरवावा लागतो.

१. व्याप्ती

टाकीत बसवलेला विजेचा पंप असणाऱ्या, इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांपुरते हे विवेचन आहे. कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० चा पंप इंजिनच्या गतीवर चाले; त्याला वीज लागत नसे.

२. दोन मार्ग

पहिला शक्तीचा मार्ग : बॅटरी, फ्यूज, रिलेचे संपर्क (बहुतेक रिलेंवर ३० आणि ८७ हे आकडे), मागे जाणारी वायर, टाकीवरचा कपलर, पंप आणि शेवटी बॉडीची अर्थिंग. दुसरा आज्ञेचा मार्ग : रिलेची कॉइल (८५ आणि ८६) आणि तिला चालवणारा ईसीयू. चावी ऑन केल्यावर ईसीयू साधारण दोन सेकंदच पंप चालवतो. पुढची आज्ञा, इंजिन फिरत असल्याचा क्रँक सेन्सरचा सिग्नल मिळाला तरच. अपघातात इंजिन थांबले, तर फुटलेल्या नळीतून पेट्रोल वाहत राहू नये, यासाठी ही योजना असते.

३. दोषाचे तीन वर्ग

(अ) आज्ञाच नाही : क्रँक सेन्सर मेला, इमोबिलायझरने चावी ओळखली नाही किंवा ईसीयूलाच वीज नाही. इथे पंप बंद राहणे हे यंत्रणेचे बरोबर वागणे आहे.
(आ) आज्ञा आहे, मार्ग तुटला : फ्यूज उडाला, रिलेचे संपर्क जळाले, वायर तुटली.
(इ) मार्ग सलग, पण अपुरा : कपलर गंजला, अर्थिंग सैल झाली.
तिसरा वर्ग सर्वांत फसवा.

४. तपासणीचा क्रम

आधी बॅटरी. भरलेल्या, स्थिर बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसतात, १२.२ च्या खाली असल्यास आधी चार्ज करावी. मग फ्यूज. नवा फ्यूज लगेच उडाला, तर पुढे शॉर्ट आहे. जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तार घालणे म्हणजे आगीला वाट देणे.

यानंतर रिले. तो मार्गाच्या मध्यावर असल्याने तिथली एक चाचणी निम्मा शोध संपवते. रिले काढून ३० आणि ८७ च्या खाचा फ्यूज असलेल्या वायरने क्षणभर जोडाव्यात. पंप फिरला, तर पंप, मागची वायर आणि अर्थिंग चालू आहेत. दोष रिलेत किंवा आज्ञेत. फिरला नाही, तर ३० वर वीज येते का ते पाहावे, आणि येत असेल तर टाकीकडे जावे. काही नव्या गाड्यांत पंपासाठी वेगळे कंट्रोल मॉड्यूल असते. तिथे अशी थेट जोडणी करू नये. टाकीजवळ ठिणगी पडेल असे काहीही करू नये.

कपलरवर मोजताना चावी दुसऱ्याने फिरवावी. चावी ऑन करून मागे जाईपर्यंत ते दोन सेकंद संपतात, मीटर शून्य दाखवतो आणि चांगली वायर दोषी ठरते. सेल्फ मारत असताना घेतलेले मापच ग्राह्य.

५. भाराखालचे माप

समजा, पंप १२ व्होल्टवर ५ अँपिअर घेतो. म्हणजे ठोकळमानाने २.४ ओहम. गंजलेल्या कपलरने मार्गात १ ओहम वाढवला, तर एकूण ३.४ ओहम होतात, प्रवाह ३.५ अँपिअरवर येतो आणि पंपाला सुमारे ८.५ व्होल्टच मिळतात. पण कपलर सोडवून मीटर लावला, तर जवळजवळ प्रवाहच वाहत नाही आणि मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. ‘वीज येते, म्हणजे पंप गेला’ हा चुकीचा निष्कर्ष इथूनच निघतो. म्हणून पंप जोडलेला ठेवून मोजावे. ते शक्य नसेल तर इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावून पाहावे. तो सुमारे पावणेदोन अँपिअर ओढतो. अर्थिंगसाठी पंपाची निगेटिव्ह वायर आणि बॅटरीची निगेटिव्ह यांमधला फरक मोजावा. पंप चालू असताना तो अर्ध्या व्होल्टहून जास्त असेल, तर दोष तिथेच.

६. या मुलखातली कारणे

सह्याद्रीच्या धारेलगत पावसाळा दीर्घ आणि हवा सतत दमट. कपलरच्या पितळी पिनांवर हिरवट थर चढतो. चिखलपाण्याने बॉडीवरचे अर्थिंगचे बोल्ट गंजतात. भातखाचरांच्या गावात उभ्या गाडीत उंदीर शिरून वायर कुरतडतात. बाहेरून बसवलेल्या अलार्मसाठी कापून टेप गुंडाळलेले जोडही ओल धरतात. म्हणून इथे वर्ग (इ) चा संशय आधी घ्यावा.

७. निष्कर्ष

रिलेवरची वीज, कपलरवर भाराखालचा व्होल्टेज आणि अर्थिंगमधली घट ही तीन मापे कागदावर आल्याशिवाय पंप बदलू नये. तिन्ही बरोबर असून पंप फिरत नसेल, तरच तो दोषी. गाडीमालकांनी ही मापे मागावीत आणि गॅरेजवाल्यांनी ती बिलावर लिहून द्यावीत.