जाडी ताटातली की वळणाची?

गणपतीच्या दिवसांत आपल्या समाजाच्या पंगतीत एक वाद ठरलेला असतो. कुणी तिसरा मोदक नको म्हटला की शेजारचे काका म्हणतात, "घ्या हो, आमच्या घराण्यात हाडच जाड, खाण्याने काही होत नाही." समोरून उत्तर येते, "हाड कसले, दाल-बाफले!" पवारांच्या मागोमाग दक्षिणेतून धार-देवासला आलेल्या आपल्या घरांनी पुरणपोळी सोडली नाही आणि माळव्याचे तूपही आपलेसे केले. त्यामुळे पुरावा दोन्ही पक्षांना घरातच सापडतो.

याच प्रश्नाच्या जवळचा एक वाद पुण्यात विद्वानांमध्ये रंगला होता. मात्र तो जाडीवरून नव्हे, भुकेवरून. 1971 साली गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी देशातील दारिद्र्याचा हिशेब मांडला. माणशी रोज 2250 कॅलरींचे अन्न मिळेल एवढाही खर्च ज्यांना झेपत नाही ते गरीब, अशी रेघ त्यांनी ओढली. तिला हरकत घेतली पां. वा. सुखात्मे यांनी. हे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ, रोमला जागतिक अन्न व शेती संघटनेत बरीच वर्षे काढून पुण्यात परतलेले. त्यांचे म्हणणे असे, की एकाच माणसाची गरज आज एक तर उद्या दुसरी असते. शरीर स्वतःला सावरून घेते, म्हणून सरासरीहून कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी ठरत नाही. दांडेकरांना हे मान्य नव्हते. वाद वर्षानुवर्षे चालला.

आम्ही सरकारी नोकर. रेघ ओढल्याशिवाय योजना चालत नाही हे रोज पाहतो, म्हणून मन दांडेकरांकडे झुकते. पण शरीर आमची रेघ पाळत नाही, हेही खोडता येत नाही.

तिकडे वळणाची बाजू 1986 साली डेन्मार्कमधून बळकट झाली. 540 दत्तक गेलेल्या माणसांची अंगलट तपासली, तर ती वाढवणाऱ्यांशी नव्हे, जन्म देणाऱ्या आईबापांशी जुळली. पुढे 2007 मध्ये वजनाशी संबंधित एक जनुकही सापडले. त्याचा तो प्रकार आई आणि वडील दोघांकडून आला, तर वजनात फरक पडतो सरासरी तीनेक किलोचा. बाकीची पंचवीस किलो जाडी काकांनी कुणाच्या नावावर टाकायची?

आमच्या घरात हा प्रश्न थट्टेचा राहिला नाही. वडिलांना साखर निघाली तेव्हा कुणाचा विश्वास बसेना. अंगाने काटकुळे, वजनकाट्यावर निर्दोष, आजोबांनाही साखर नव्हती. मग ना ताट, ना वळण?

उत्तर पुन्हा पुण्याकडूनच आले. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधील साउदम्प्टनची 3.5 किलोची. आपली बाळे हातापायांनी, पोटाने बारीक, पण कातडीखालची चरबी मात्र जवळपास तेवढीच राखून. 2004 साली याज्ञिकांनी लंडनच्या डॉ. युडकिन यांच्यासोबत स्वतःचाच फोटो छापला. उंचीच्या हिशेबाने दोघांचे वजन अगदी सारखे, पण युडकिनांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के! वडिलांचा काटा खोटे बोलत नव्हता, पण पुरते सांगतही नव्हता.

याहून महत्त्वाची गोष्ट आईच्या ताटातली. त्या गावांत बाळाच्या आकाराचा संबंध आईने किती कॅलरी खाल्ल्या याच्याशी फारसा लागला नाही. तो लागला पालेभाजी, फळे आणि दुधाशी. निम्म्याहून अधिक बायांत ब-12 जीवनसत्त्व कमी होते. म्हणजे आपण ज्याला घराण्याचे वळण म्हणतो त्यातले काही रक्तातून येत नाही, नऊ महिन्यांच्या जेवणातून येते. डोहाळेजेवण आपण थाटात करतो, ते एका दिवसाचे. पुढे 2012 मध्ये त्या अभ्यासात जन्मलेल्या मुलामुलींनाच, ती स्वतः आईबाप होण्याआधी, ब-12 ची गोळी देण्याचा प्रयोग सुरू झाला.

आमच्या आजीला आम्ही पहिल्या पंगतीला बसलेली कधी पाहिली नाही. तिची पंगत शेवटची. तोवर पातेल्यात भात आणि आमटी असायची, पालेभाजी बहुधा संपलेली.