वाट पाहण्याची वाटणी

बदलीच्या नोकरीत असलेल्या माणसाच्या डोक्यावर छप्पर नसते, असे कोणी म्हणणार नाही. सरकारी निवासस्थान मिळते, त्याला अंगण असते, क्वचित आपल्या ऐपतीबाहेरची बागही असते. परंतु भिंतीत खिळा ठोकतानादेखील बांधकाम खात्याची आठवण ठेवावी लागते, आणि निवृत्तीनंतर काही महिन्यांतच किल्ल्या परत कराव्या लागतात. ‘आता राहायचे कोठे?’ हा प्रश्न आमच्याबरोबर शिकलेल्या आणि गावीच नोकरीला लागलेल्या स्नेह्याने पुण्यात किंवा नागपुरात पस्तिशीच्या आतबाहेर सोडवलेला असतो. आम्हांला तो साठीच्या उंबरठ्यावर भेटतो. या विषयाची चर्चा बहुधा काटकसरीच्या उपदेशाने सुरू होते आणि तेथेच संपते. महिन्याला इतके बाजूला टाका, चैन कमी करा, म्हणजे घर होईल. इतिहास चाळू गेल्यास मात्र वेगळेच चित्र दिसते. पगारदाराचे पहिले घर एकट्याच्या काटकसरीवर क्वचितच उभे राहिलेले आहे. अनेकांनी आपापले वाट पाहणे एकत्र करून ते आपसांत वाटून घेतले, तेव्हा ते उभे राहिले. ही वाटणी कोणी, कशी आणि कोणाला वगळून केली, याची हकीकत आमच्यासारख्या फिरत्या लोकांनी एकदा तरी पाहून ठेवावी अशी आहे.

१७७५ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम गावी रिचर्ड केटली नावाच्या गृहस्थाच्या ‘गोल्डन क्रॉस’ या खानावळवजा मद्यगृहात काही मंडळी दरमहा वर्गणी गोळा करू लागली. जगातील पहिली गृहबांधणी संस्था म्हणून तिचाच उल्लेख केला जातो. कल्पना अगदी साधी होती, आणि भिशी ठाऊक असलेल्या मराठी माणसाला ती समजावून सांगण्याची गरज नाही. दिल्लीत जिला ‘कमिटी’ म्हणतात आणि केरळात ‘कुरी’, तीच ही. फरक इतकाच की, जमलेल्या पैशांतून लुगडे किंवा पाटल्या न घेता घर बांधावयाचे.

हिशेब मांडून पाहावा. घराची किंमत १२०० रुपये धरली आणि माणसाला महिन्याला ५ रुपयेच शिल्लक टाकता येत असतील, तर त्याला एकट्याला २० वर्षे लागतील. असे २० जण एकत्र आले की वर्षाला १२०० रुपये जमतात, म्हणजे दरसाल एक घर होते. पहिल्याला एका वर्षात मिळते, शेवटच्याला विसाव्या वर्षी. सरासरी प्रतीक्षा साडेदहा वर्षांची. शेवटच्या माणसाचेही काही बिघडत नाही, कारण एकटा असता तरी त्याला २० वर्षे थांबावेच लागले असते. बाकीच्या १९ जणांचा निव्वळ लाभ. कोणाची मिळकत वाढली नाही, कोणी अधिक काटकसर केली नाही, तरीही प्रतीक्षेचा जवळजवळ निम्मा भाग नाहीसा झाला. त्यात घर मिळालेल्यांनी पुढे व्याजादाखल काही अधिक भरले की गाडी आणखी वेगाने धावते. आमच्या मते अर्थशास्त्रातील फारच थोड्या युक्त्या इतक्या निरुपद्रवी आहेत.

क्रम ठरवावयाचा तो चिठ्ठ्या टाकून किंवा बोली लावून. सर्वांना घरे मिळाली की संस्था विसर्जित होई, म्हणून त्यांना समाप्य संस्था म्हणत. अटलांटिकपलीकडे फिलाडेल्फियाजवळच्या फ्रँकफर्डमध्ये १८३१ साली अशीच संस्था निघाली. तिचा पहिला कर्जदार, कॉम्ली रिच, हा रस्त्यावरचे दिवे लावणारा होता आणि त्याचे कर्ज ३७५ डॉलरांचे होते. ज्याच्या दारी कोणताही सावकार उभा राहिला नसता, त्याला शेजाऱ्यांच्या वर्गणीने घर दिले.

या व्यवस्थेचे वर्म ओळखीत होते. खानावळीत दरमहा एकमेकांची तोंडे दिसत, हप्ता चुकवणारा कोण हे सर्वांना माहीत असे. परंतु ओळखीची मर्यादाही तीच. मध्येच कोणी नवा सभासद आला तर त्याला मागची सारी वर्गणी एकदम भरावी लागे, आणि अखेरीस पैसा साचला तरी कर्ज घेणारा उरत नसे. म्हणून १८४५ पासून कायम स्वरूपाच्या संस्था निघाल्या. त्यांनी ठेव ठेवणारा आणि घर बांधणारा यांची फारकत केली. ज्याला व्याज हवे त्याने ठेव ठेवावी, ज्याला घर हवे त्याने कर्ज घ्यावे. दोघांनी एकमेकांना ओळखण्याचे कारण उरले नाही. जुन्या पद्धतीच्या संस्था तरीही चिवटपणे टिकल्या. इंग्लंडातील शेवटची समाप्य संस्था १९८० साली मिटली.

ओळख सुटली आणि धोकाही दारातून आत आला. जेबेझ बॅल्फर हा पार्लमेंटचा सभासद, दारूबंदीचा पुरस्कर्ता, धर्मनिष्ठ म्हणून गाजलेला. त्याच्या ‘लिबरेटर’ संस्थेत अल्प उत्पन्नाच्या भाविक कुटुंबांनी विश्वासाने ठेवी ठेवल्या, आणि ती देशातील सर्वांत मोठी गृहबांधणी संस्था बनली. हा पैसा घर बांधू पाहणाऱ्या सामान्यांकडे जाण्याऐवजी बहुतांशी बॅल्फरच्याच बांधकाम कंपन्यांकडे जात होता. १८९२ साली डोलारा कोसळला, हजारो कुटुंबांची आयुष्याची पुंजी बुडाली. बॅल्फर अर्जेंटिनाला पळाला, १८९५ साली त्याला धरून आणले आणि १४ वर्षांची शिक्षा झाली. १८९४ च्या कायद्याने हिशेबांवर निर्बंध घातले आणि नव्या संस्थांना चिठ्ठ्या टाकून कर्जे वाटण्याची मनाई केली. कारण चिठ्ठी लागलेला सभासद आपला हक्क बाजारात विकू लागला होता आणि बचतीची सोडत जुगाराला लागून गेली होती.

आपल्याकडे हा विचार सहकाराच्या वाटेने आला आणि त्यामागे प्लेगची छाया होती. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला, १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने दाट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले आणि गावदेवी, दादर, माटुंगा या भागांत भूखंड आखले. पाडलेल्या खोल्यांतील लोक मात्र उरलेल्या चाळींत दाटीने शिरले. शहरातील बहुसंख्य लोक तेव्हा एकखोली बिऱ्हाडांतच राहत. कारकुनाच्या पगारात चाळीबाहेर पडण्याचा मार्ग जवळजवळ नव्हताच.

तो मार्ग काढला तो मुंबईला परक्या असलेल्या मंडळींनी. उत्तर आणि दक्षिण कानडा जिल्ह्यांतून नोकरीसाठी आलेला चित्रापूर सारस्वत समाज हा प्रामुख्याने पांढरपेशा, घरी कोंकणी बोलणारा आणि शहरात वडिलोपार्जित काहीही नसलेला. म्हणजे आज आम्ही लखनौला किंवा भोपाळला असतो, तसे ते गिरगावात होते. त्यांच्यातील श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी १९०६ साली आपले गुरू शामराव विठ्ठल कैकिणी यांच्या नावाने सहकारी पतसंस्था काढली. तीच आजची एसव्हीसी बँक. घरांसाठी मात्र त्यांना थांबावे लागले. १९०४ चा सहकारी कायदा फक्त पतसंस्थांना मान्यता देणारा होता. इतर प्रकारच्या संस्थांना वाट मोकळी झाली ती १९१२ च्या कायद्याने. त्यानंतर तीनच वर्षांत, १९१५ च्या मार्च महिन्यात, गावदेवी येथील सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. (मैसूर संस्थानात, बेंगळुरात, १९०९ साली अशी संस्था निघाल्याचा उल्लेख केला जातो. पहिलेपणाच्या मानावरून दोन शहरांनी भांडावे, आम्ही त्यात पडत नाही.)

गावदेवीच्या संस्थेने जी पद्धत स्वीकारली तिचे नाव भाडेकरू-भागीदारी. लंडनजवळच्या ईलिंग येथे १९०१ साली बांधकाम कामगारांच्या पुढाकाराने आणि हेन्री व्हिव्हियन यांच्या नेतृत्वाने ती आकाराला आली होती. तिच्यात इमारत संस्थेची, सभासद तिचा भाडेकरू. मात्र त्या संस्थेचे भाग त्याच्याच नावे. म्हणून तो एका हाताने भाडे देतो आणि दुसऱ्या हाताने मालक असतो. या पद्धतीत एक गोष्ट अशी होती की, जिच्याकडे आम्हां बदलीवाल्यांनी आदराने पाहिले पाहिजे. नोकरीनिमित्त गाव सोडावे लागले तर सभासदाला घर विकण्याचा व्याप नव्हता. त्याची बचत भिंतींत गाडलेली नसून भागांत राहत असे, आणि जागा रांगेतील पुढच्या सभासदाला मिळे. मजूर ज्या गावी काम असेल तेथे जाण्यास मोकळा राहावा, हा या चळवळीच्या पुरस्कर्त्यांचा एक मुख्य मुद्दाच होता. पहिले घर आणि फिरती नोकरी यांचा मेळ घालण्याचा इतका सरळ प्रयत्न आम्हांला दुसरा आढळलेला नाही.

तो टिकला नाही. दोन महायुद्धांत जागेची टंचाई वाढत गेली. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधून ठेवली, तेव्हा भाड्यासाठी घर बांधण्यात कोणाला रस उरला नाही; जुन्या खोलीत शिरण्यासाठीही पागडीची मोठी रक्कम साठवावी लागू लागली. अशा शहरात हाती आलेली जागा भागांच्या दर्शनी किमतीला सोडून देणारा सभासद सापडणे कठीणच. भाडेकरू-भागीदाराचा प्रत्यक्षात मालक झाला. १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा आणि १९६३ चा मालकी सदनिकांचा कायदा आला, तोवर ‘फ्लॅट’ ही विकण्याची वस्तू ठरली होती.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. खानावळीतील तोंडओळखीची जागा मुंबईत ज्ञातीने घेतली. ज्ञातीतील अब्रू हेच तारण होते, आणि त्यामुळेच हप्ते वेळेवर येत. परंतु ज्याच्यामागे अशी संघटित ज्ञात नव्हती, त्याला या रांगेत जागाच नव्हती. पुढे अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, २००५ साली, सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते ठेवण्याचा पोटनियम वैध ठरवला. कायद्याच्या दृष्टीने तो निर्णय काहीही असो, परमुलखात भाड्याच्या घरासाठी ‘तुम्ही कोण?’ हा प्रश्न ज्यांनी ऐकला आहे, त्यांना त्यातील बोच निराळी सांगावयास नको.

ज्ञातीबाहेरच्या पगारदारासाठी स्वातंत्र्यानंतर सरकार पुढे आले. १९५४ साली अल्प उत्पन्न गटाची गृहयोजना निघाली, १९५६ साली केंद्र सरकारच्या नोकरांना घरबांधणीसाठी अग्रिम मिळू लागला. २०१७ च्या सुधारित नियमांत त्याची मर्यादा ३४ महिन्यांचे मूळ वेतन किंवा २५ लाख रुपये, यांपैकी जे कमी ते, अशी ठरली. खाजगी बाजूने हसमुखभाई पारेख यांनी आपल्या निवृत्तीच्या वयात, १९७७ साली, एच.डी.एफ.सी. उभी केली आणि नुसत्या पगाराच्या जोरावर परक्या संस्थेकडून दीर्घ मुदतीचे गृहकर्ज मिळणे मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणले. तोवर घर म्हणजे भविष्यनिर्वाह निधी आणि पत्नीचे दागिने यांची बेरीज, असाच हिशेब होता. हप्त्याने तिशीतला माणूस घरात आधी राहू लागला आणि वाट मागून पाहू लागला.

चिठ्ठ्यांची पद्धत मात्र दिल्लीत पुन्हा अवतरली. १९७९ साली दिल्ली विकास प्राधिकरणाने नव्या नोंदणी योजनेखाली अर्ज मागवले, तेव्हा सुमारे १ लाख ७१ हजार लोकांनी अनामत भरून नावे नोंदवली. त्यांत सरकारी नोकरांचा भरणा मोठा असणे स्वाभाविकच होते. बर्मिंगहॅमच्या २० जणांत कोणाची पाळी कधी येईल याचा अंदाज प्रत्येकाला बांधता येत असे. येथे काहींना दोन दशकांहून अधिक काळ थांबावे लागले, आणि घराची किंमत नोंदणीच्या वेळची नसून वाटपाच्या वेळची भरावी लागली. मधल्या काळात बदल्या झाल्या, बिऱ्हाडे हलली, काहींचे वारस कागद घेऊन खेटे घालू लागले. पत्ता बदलल्याचे कळवूनही मागणीपत्र जुन्याच पत्त्यावर गेले आणि घर हातचे गेले, अशी प्रकरणे इतकी निघाली की त्यांच्यासाठी प्राधिकरणाला २००५ साली स्वतंत्र धोरण ठरवावे लागले.