विरून जाणाऱ्या नळीची कुळकथा

“टाके काढायला यायला नको, विरघळणारे घातलेत.” सिझेरियन झालेल्या बाईला डॉक्टर हे सांगतात, ती मान डोलावते आणि विषय तिथेच संपतो. तो दोरा पुढे गेला कुठे, हे कुणी विचारत नाही. जखम भरेपर्यंत धरून ठेवायचं आणि मग गुपचूप निघून जायचं, एवढंच त्याचं काम. याच दोऱ्याच्या कुळात पुढे एक नळी जन्माला आली. खराब झालेल्या रक्तवाहिनीच्या जागी तिने बसायचं, काही काळ रक्त वाहून न्यायचं, आणि शरीराने तिच्या आधाराने स्वतःची वाहिनी उभारली की विरून जायचं. या नळीचं घराणं शोधत मागे गेलं, तर प्रयोगशाळेच्या आधी शिवणकामाची खोली लागते.

२४ जून १८९४ रोजी फ्रान्समधल्या ल्यों शहरात राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर सुरीहल्ला झाला. यकृताकडे जाणारी मोठी शीर चिरली गेली. हाताशी चांगले सर्जन होते, पण चिरलेली रक्तवाहिनी खात्रीने शिवायची कशी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कार्नो काही तासांत गेले. त्याच शहरात वैद्यकी शिकणाऱ्या आलेक्सी कॅरेलला हे फार लागलं. ल्यों हे रेशमाचं आणि भरतकामाचं गाव. कॅरेलने मादाम लेरुदिए या भरतकाम करणाऱ्या बाईंकडे बसून सुईचा हात शिकून घेतला. अतिशय बारीक सुया, रेशमाचा दोरा आणि त्याला व्हॅसलिन, ही त्याची आयुधं. युक्ती तर एखाद्या शिंप्याला शोभावी अशी होती: नळीच्या गोल तोंडाला तीन ठिकाणी टाके घालून ताण दिला, की वर्तुळाचा त्रिकोण होतो आणि गोल कडेऐवजी तीन सरळ कडा शिवायला मिळतात. १९०२ मध्ये त्याने ही पद्धत प्रसिद्ध केली. १९१२ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

शिवणं जमलं. पण मधला तुकडाच खराब असेल तर ठिगळ कशाचं लावायचं?

त्याचं उत्तर एका चुकार टाक्याने दिलं. १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आर्थर व्होरीस हा तरुण डॉक्टर कुत्र्यांवर हृदयाच्या शस्त्रक्रियांचे प्रयोग करत होता. रेशमाचा एक दोरा हृदयाच्या कप्प्यातून आरपार राहून गेला. काही महिन्यांनी पाहिलं, तर त्या दोऱ्यावर रक्ताची गुठळी नव्हती. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरासारखा तकतकीत पापुद्रा चढला होता. दोऱ्यावर पापुद्रा चढतो, तर दोऱ्यांच्या कापडावर का चढणार नाही? व्होरीसने आधी रेशमी रुमालाची नळी शिवून पाहिली, मग विनयॉन-एन नावाच्या कृत्रिम धाग्याचं कापड घेतलं. १९५२ मध्ये कुत्र्यांवरचे निष्कर्ष छापून आले आणि पुढच्याच वर्षी ही नळी माणसात बसली.

ह्यूस्टनचे सर्जन मायकेल डिबेकी यांची गोष्ट तर त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितली आहे. लहानपणी आईने त्यांना शिवण शिकवलं होतं. ते फोलीज नावाच्या दुकानात नायलॉन आणायला गेले. नायलॉन संपलं होतं. दुकानदाराने डेक्रॉन नावाचं नवं कापड पुढे केलं. त्यांनी वारभर घेतलं आणि घरी बायकोच्या शिलाई मशीनवर त्याच्या नळ्या शिवल्या. डेक्रॉन म्हणजे पॉलिएस्टर, आपल्याकडे टेरिलिन म्हणून ज्याचे शर्ट शिवले गेले तेच. पुढे फिलाडेल्फियाच्या वस्त्रोद्योग महाविद्यालयातल्या थॉमस एडमन यांनी बिनशिवणीच्या नळ्या विणणारं यंत्र तयार केलं. विणीच्या भोकांतून रक्त झिरपू नये म्हणून सर्जन ती नळी बसवण्याआधी रुग्णाच्याच रक्तात भिजवून घेत. रक्त साकळलं की भोकं बुजत.

महाधमनीसारख्या जाड वाहिन्यांना हे कापड उत्तम मानवलं, आजही मानवतं. घोडं अडलं ते बारीक वाहिन्यांपाशी. सुमारे ६ मिलिमीटरच्या खाली पॉलिएस्टर काय किंवा नंतर आलेलं टेफ्लॉन काय, नळी तुंबते. खरी धमनी नाडीच्या ठोक्यागणिक फुगते आणि आवळते. टेरिलिन ताठ राहतं. माणसाच्या शरीरात आतलं अस्तर जोडाच्या दोन टोकांपासून जेमतेम सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर सरकतं आणि थांबतं. मधला भाग रक्ताला कायम परका वाटतो. शिवाय लहान मुलाच्या छातीत कापडाची नळी घातली, तर मूल वाढतं, नळी वाढत नाही.

इथे कुळाची दुसरी शाखा येऊन मिळते. शरीरात जिरणारा दोरा जुनाच होता: मेंढीच्या आतड्याची तांत, पिंजाऱ्याच्या पिंजणीला असते तिच्या जातीची. पण ती कधी लवकर जिरे, कधी उशिरा. दुसरीकडे रसायनशास्त्रज्ञांच्या कपाटात पॉलिग्लायकॉलिक अ‍ॅसिड नावाचं एक नाकारलेलं प्लॅस्टिक पडून होतं. दोष एकच, ओलाव्यात ते तुटत जाई. बादलीच्या दृष्टीने हा दोषच. टाक्याच्या दृष्टीने हाच गुण. १९७० च्या सुमारास ‘डेक्सॉन’ या नावाने त्याचा दोरा बाजारात आला. तीन-चार आठवड्यांत त्याचा जोर ओसरतो, पुढच्या काही महिन्यांत तो नाहीसा होतो. पाणी त्याच्या साखळ्या तोडतं, उरतं ग्लायकॉलिक आम्ल, जे उसाच्या रसातही असतं. त्याचा चुलतभाऊ पॉलिलॅक्टिक अ‍ॅसिड. तो तुटून दह्यातलं लॅक्टिक आम्ल होतो. दोन्ही शरीराच्या ओळखीची. शरीर ती पचवून टाकतं.

दोरा जिरतो, तर त्याची नळी विणून घातली तर? १९७९ मध्ये स्वीडनच्या बोवाल्ड आणि सहकाऱ्यांनी जिरणाऱ्या टाक्याच्या दोऱ्याची जाळी डुकरांच्या महाधमनीत बसवली. दोरा गेला आणि त्या जागी शरीराने स्वतःचं ऊतक घातलेलं आढळलं. शिकागोच्या हॉवर्ड ग्रायस्लर यांनी सशांवर असेच प्रयोग केले. पण काही ठिकाणी नवी भिंत पुरेशी घट्ट होण्याआधीच दोरा संपला आणि वाहिनी फुग्यासारखी फुगली.

ही अडचण आपल्या गवंड्याला एका वाक्यात कळेल. स्लॅब ओतल्यावर सेंटरिंग किती दिवसांनी काढायचं? आधी काढलं तर स्लॅब बसतो. फरक एवढाच, की इथलं सेंटरिंग स्वतःहून विरतं आणि स्लॅब भरणारे मजूर म्हणजे शरीरातल्या पेशी. त्यांना घाई करा म्हणून सांगता येत नाही.

मे १९९९ मध्ये टोकियोत तोशिहारू शिनोका यांनी चार वर्षांच्या एका मुलीवर शस्त्रक्रिया केली. तिच्याच शिरेच्या तुकड्यातून पेशी वाढवल्या, त्या विरणाऱ्या नळीवर पेरल्या आणि ती नळी फुप्फुसाकडे जाणाऱ्या बंद वाहिनीच्या जागी बसवली. नळी आठ आठवड्यांत विरावी असा तिचा घाट होता. सात महिन्यांनी तपासलं तेव्हा वाहिनी तुंबलेली नव्हती, फुगलेलीही नव्हती. पुढे अस्थिमज्जेतल्या पेशी पेरून आणखी मुलांना अशा नळ्या बसवल्या गेल्या. २५ रुग्णांचा २०१० चा अहवाल सांगतो की नळीमुळे एकही मृत्यू झाला नाही. मुख्य तक्रार होती ती काही नळ्या अरुंद होण्याची.

त्याच वर्षी उंदरांवरच्या अभ्यासातून एक चकवा उलगडला. ज्या पेशी पेरल्या त्यांचीच वाहिनी होते, असं सगळे धरून चालले होते. प्रत्यक्षात त्या थोड्याच दिवसांत नाहीशा होत. जाता जाता त्या रसायनांची हाक देत, त्या हाकेने रक्तातल्या पांढऱ्या पेशी जमत, आणि ज्या दाहाला आपण शत्रू समजतो तोच बांधकाम सुरू करी. पण दाह जास्त झाला की वाहिनी अरुंद होते. अमेरिकेतली लहान मुलांवरची चाचणी अरुंदपणापायीच थांबवावी लागली. २०२० मध्ये शिनोका आणि ख्रिस्तोफर ब्रॉयर यांच्या गटाने मेंढ्यांमध्ये दाखवलं, की हा सुरुवातीचा अरुंदपणा पुष्कळदा आपोआप ओसरतो.

दुसरी वाट लॉरा निकलसन यांची. त्यांनी १९९९ मध्ये वाहिनी शरीराबाहेरच वाढवली. पॉलिग्लायकॉलिक अ‍ॅसिडच्या जाळीवर गाईच्या पेशी पेरल्या आणि पात्रात आठ आठवडे त्यांना नाडीसारखे ठोके दिले. पुढे माणसाच्या पेशी घेऊन, वाहिनी तयार झाल्यावर त्या पेशीही धुऊन काढायची पद्धत बसली. आधी जाळी जाते, मग पेशी जातात. मागे राहते ती त्यांनी विणलेली कोलॅजनची रिकामी नळी. ती कोणत्याही रुग्णाला चालते, कारण परकं म्हणून नाकारावं असं तिच्यात फारसं काही उरत नाही. डिसेंबर २०१२ मध्ये पोलंडमध्ये डायलिसिसच्या रुग्णाला अशी पहिली नळी बसली. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हातापायांच्या धमन्यांच्या जखमांसाठी तिला मान्यता दिली. सोबत नळी निकामी होण्याच्या धोक्याचा ठळक इशाराही छापायला लावला.

रेशमी रुमालापासून इथवर यायला पाऊण शतक लागलं. त्यातली पहिली पंचवीस-तीस वर्षं टिकाऊ कापड शोधण्यात गेली. उरलेली गेली ती किती दिवस टिकावं याचा हिशेब मांडण्यात, आणि माझ्या मते खरी प्रगती या दुसऱ्या हिशेबात आहे. तो अजून पुरता जुळलेला नाही. मान्यता मिळालेली ती नळी ६ मिलिमीटरची आहे. हृदयाच्या स्वतःच्या धमन्या त्याहून बारीक. म्हणून बायपासच्या टेबलावर आजही सर्जन छातीतली, हातातली किंवा पायातली रुग्णाचीच वाहिनी काढून घेतो.