चूक माणसाची की रचनेची?

वेबसाइटच्या रचनेचा इतिहास मी विमानापासून सुरू करतो. दुसऱ्या महायुद्धात काही बी-१७ विमानं सुखरूप उतरायची आणि धावपट्टीवरच पोटावर बसायची. ठपका वैमानिकावर! मानसशास्त्रज्ञ अल्फॉन्स चापानिस यांनी कॉकपिट पाहिलं. चाकांचा आणि फ्लॅपचा खटका एकसारखे, शेजारीशेजारी. त्यांनी एकावर छोटं रबरी चाक बसवलं, दुसऱ्यावर पाचर. आता हातालाच फरक कळू लागला.

१९८६ मध्ये डोनाल्ड नॉर्मन आणि स्टीफन ड्रेपर यांच्या ग्रंथानं ‘वापरकर्ता-केंद्री रचना’ हे नाव रूढ केलं. जेकब नीलसन यांनी ती दृष्टी वेबवर आणली.

परवा पेन्शनचा ऑनलाइन फॉर्म भरताना मी तीनदा अडलो. म्हटलं, वय झालं. मग ते वैमानिक आठवले. तुम्हीही अडलात, तर आधी खटके कसे बसवलेत ते बघा.