पाणी बेताचे, थर पक्का

घरासमोर मोटार धुणे ही परभणीसारख्या जिल्ह्यात शहरांकडून आलेली नवी सवय मानली जाते. मोटार नवी आहे हे खरे. पण वाहनाची निगा इथे मोटारीच्या कितीतरी आधीची आहे. बैलगाडी, मोट, औत आणि ते ओढणारे जनावर यांना टिकवण्याची एक पक्की रीत या गावांत पिढ्यान्‌पिढ्या होती. त्या रीतीत पाण्याला दुसरा मान होता आणि पहिला मान तेलातुपाच्या थराला. पाणी मळ काढण्यापुरते आणि राखण करायची ती थराने, असा तो हिशेब होता. रबरी नळी लावून रोज किंवा दर रविवारी गाडी झोडपण्याची पद्धत मात्र विंधन विहीर आणि वीजपंप घरोघरी आल्यावरची, म्हणजे फार तर दोन पिढ्यांची आहे. मोटारीचा रंग कशाने टिकतो, याचे उत्तर रसायनशास्त्राने दिले तर ते या जुन्या रीतीच्या बाजूने जाते, असे माझे म्हणणे आहे.

रीत समजून घ्यायची तर आधी माती आणि पाणी पाहावे लागते. परभणी, सेलू, जिंतूर, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा हे आजच्या जिल्ह्याचे नऊ तालुके गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या आसपास पसरले आहेत. खाली बेसाल्टचा काळा पाषाण आणि वर त्याच्याच झिजेतून तयार झालेली काळी, भारी जमीन. ही माती पावसात फुगते, चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. कापसाला ती मानवली. १९०० साली मनमाड ते सिकंदराबाद रेल्वे सुरू झाली, तेव्हा सेलू, मानवतसारख्या पेठांत सरकीसकट कापूस आणणाऱ्या गाड्यांना याच चिखलातून वाट काढावी लागे. पाण्याचे मात्र उलट होते. पाऊस मोजके महिने, विहिरी खडकाच्या फटींवर अवलंबून आणि घरात येणारा प्रत्येक घडा कुणा बाईच्या डोक्यावरून आलेला. अशा ठिकाणी वाहन धुण्यासाठी पाणी दारात आणण्याचा विचारच कुणी करणार नव्हते.

मग वाहन टिकत कसे असे? सुतार आणि लोहार यांनी घडवलेल्या चाकाला लोखंडी धाव तापवून बसवली जाई. उन्हाळ्यात लाकूड आकसून धाव सैल झाली की चाक पाण्यात ठेवून फुगवत. पाण्याचा खरा उपयोग तेवढाच. आख आणि तुंबा यांच्यात घर्षण होते, तिथे वंगण लागे आणि लांबच्या वाटेला निघालेला गाडीवान ते सोबत घेतल्याशिवाय निघत नसे. विहिरीवरची चामड्याची मोट तर रोज पाण्यात बुडणारी, आणि चामडे पाण्याने कुजते. तिला वाचवणारी वस्तू या भागातल्या शेतातच पिकत होती. करडईचे तेल घाण्यावर काढले तर ते जेवणात जाई. पण बी कोरड्या उष्णतेने भाजून काढलेले काळपट, चिकट तेल खाण्याजोगे नसे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी भारतातील शेतमालाचा कोश तयार करणाऱ्या जॉर्ज वॉट यांनी या तेलाचा उपयोग विहिरीचे दोर आणि पाण्यात राहणारी चामड्याची भांडी राखण्यासाठी होतो, असे नोंदवले आहे. करडईचे तेल हवेतला प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट पापुद्रा बनवते. हाच गुण त्याला नंतर रंगाच्या कारखान्यात घेऊन गेला, कारण पांढरा रंग पिवळा पडू न देणाऱ्या तेलांत त्याची गणना होते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने पुढे ‘परभणी कुसुम’ हे करडईचे वाण दिले, ते अर्थात तेलासाठी आणि शेतकऱ्याच्या उत्पन्नासाठी. पण ज्या पिकावर या विद्यापीठात संशोधन झाले, त्याच पिकात एकेकाळी वस्तूंच्या राखणीचे ज्ञानही साठवलेले होते.

या रीतीचे सर्वांत स्पष्ट रूप पोळ्यात दिसते. श्रावण अमावास्येच्या आदल्या दिवशी खांदमळणी होते. जुवाने घट्टे पडलेले बैलाचे खांदे हळद आणि तूप किंवा लोणी लावून चोळतात, शेकतात. वर्षभर ओझे आणि घर्षण सोसलेली तीच जागा या विधीने निवडली आहे. दुसऱ्या दिवशी बैलांना नदीवर किंवा ओढ्यावर नेऊन धुतात, मग शिंगे साळून त्यांना तेल, हिंगूळ किंवा अलीकडे वॉर्निश लावतात, बेगड चिकटवतात आणि पाठीवर झूल चढवतात. क्रम लक्षात घेण्यासारखा आहे: मळ काढायचा, आणि उघड्या पडलेल्या पृष्ठभागावर लगेच थर द्यायचा. इथे कुणी म्हणेल की पोळ्याला तर बैल अख्खा डोहात उभा करतात, मग पाण्याची काटकसर कुठे राहिली? आक्षेप रास्त आहे, पण पाणी कुठले, हे त्यात विसरले जाते. बैल पाण्याकडे जात होता, पाणी बैलाकडे येत नव्हते. श्रावणात वाहत्या नदीतले पाणी बैल न्हाल्याने कमी होत नसे आणि पिण्याच्या घड्यातून एक थेंबही जात नसे. गाडीलाही नदीत घालत, पण तीही नदी ओलांडताना किंवा चाक भिजवताना. पाणी असेल तिथे आणि असेल तेव्हा धुवायचे, एरवी पुसून व तेल लावून राखायचे, हा नियम त्यातून दिसतो.

मोटार आली ती याच तेलांच्या आणि कापसाच्या जगातून आली, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मोटारींना लावला जाणारा रंग बहुतेक जवसाच्या तेलावर आणि राळेच्या वॉर्निशवर आधारलेला होता. थरावर थर देऊन, वाळवून, घासून एक गाडी पूर्ण व्हायला आठवडे लागत. १९२३ मध्ये ड्यूपाँ आणि जनरल मोटर्स यांनी नायट्रोसेल्युलोजचा ‘ड्यूको’ हा रंग आणला आणि हे काम तासांवर आले. त्या नायट्रोसेल्युलोजचा कच्चा माल सरकीवर उरणारा आखूड कापूस होता. म्हणजे जवस आणि कापूस ही मराठवाड्याच्या शेतातली दोन पिके जगभरच्या मोटारींच्या अंगावर होती. परभणी तेव्हा ज्या निजामाच्या राज्यात होती, तिथे रेल्वेच्या खात्याने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. या काळात परभणीच्या रस्त्यावर जी थोडी वाहने होती, त्यांचा रंग एकाच थराचा असे. तो उन्हाने फिका पडे, खडूसारखा भुरभुरे आणि चालक तो मेणाचे पॉलिश लावून पुन्हा उजळत असे. थर झिजतो आणि तो पुन्हा द्यावा लागतो, हे ज्ञान खांदमळणी करणाऱ्या माणसाला नवे नव्हते.

हे चित्र बदलले ते १९७२ च्या दुष्काळानंतर. खडक फोडणारी यंत्रे गावोगाव आली, विंधन विहिरी झाल्या, हातपंपामागून वीजपंप आले. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली आणि पुढच्या दोन दशकांत गाडी मध्यमवर्गाच्या फाटकात आली. कपडे धुण्याची स्वस्त पावडरही त्याच सुमारास घराघरांत पोहोचलेली होती. दारात बोअर, हातात नळी आणि बादलीत पावडर, या तिघांच्या भेटीतून आजची पद्धत तयार झाली. तिच्यात स्वच्छतेची मनापासूनची हौस आहे, तिचा अवमान करण्याचे कारण नाही. पण तिच्यात जुन्या रीतीचा अर्धाच भाग उरला आहे. धुणे राहिले आणि थर गेला. उलट, पावडरीतला क्षार आधीचा मेणाचा थरही काढून नेतो.

बोअरच्या पाण्याचाही यात वाटा आहे. पावसाचे पाणी बेसाल्टच्या फटींतून खाली झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून घेते. जितके खोल आणि जितका मुक्काम लांब, तितके ते सहसा जड होते. याच पाण्यात डाळ शिजायला वेळ लागतो आणि साबणाला फेस येत नाही. परभणीच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पार जातो, तेव्हा तापलेल्या बोनटवर पडलेला थेंब पुसायच्या आत वाळतो आणि विरघळलेला चुना पांढऱ्या कड्यासारखा मागे ठेवतो. ती कडी पुन्हा पुन्हा तापत राहिली की नुसत्या पाण्याने निघत नाही. १९८० च्या दशकापासून मोटारींवर रंगाच्या वर पारदर्शक थर देण्याची पद्धत रूढ झाली, त्याला क्लिअर कोट म्हणतात. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी असते. गाडीची झळाळी आणि उन्हापासूनची राखण या थरावर असते. त्याला दोन शत्रू आहेत: वाळलेला क्षार आणि घासला जाणारा कण. काळ्या मातीतली चिकणमाती मऊ असते, पण तिच्यासोबत वाळू, चुनखडीचे खडे आणि रस्त्यावरच्या गिट्टी-मुरुमाचा चुरा येतो. कोरड्या फडक्याने ती धूळ झटकली की तोच चुरा क्लिअर कोटवर बारीक वर्तुळे कोरतो.

म्हणून पाणी वाचवायचे म्हणजे कोरडे पुसायचे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. घरी करायचे काम साधे आहे. सकाळी किंवा सावलीत, बोनट थंड असताना, आधी मगभर पाण्याने माती भिजवून उतरवावी. मग दोन बादल्या घ्याव्यात, एकीत गाडीचा शाम्पू आणि दुसरीत फडके खळखळण्यासाठी साधे पाणी. वरून खाली यावे, चाके शेवटी घ्यावीत आणि मऊ, टिपणाऱ्या कापडाने लगेच कोरडे करावे. वीस लिटरच्या दोन बादल्या आणि वरचे काही मग यांत हे भागते. मिनिटाला दहा लिटर देणारी नळी वीस मिनिटे चालली तर दोनशे लिटर जातात. पावसाळ्यात मात्र चाकाच्या कमानीत आणि गाडीच्या पोटाखाली चिकटलेला काळा चिखल मोकळ्या हाताने धुवावा. ती माती दिवसेंदिवस ओल धरून ठेवते आणि पत्रा तिथूनच गंजतो. पाणी खर्चायची खरी जागा ती आहे. शेवटी मेणाचा किंवा सिंथेटिक सीलंटचा थर द्यावा आणि पाण्याचे थेंब गोळे होऊन घरंगळेनासे झाले की तो पुन्हा द्यावा. असा थर असला की क्षार आणि पक्ष्यांची आम्लयुक्त विष्ठा आधी त्याच्यावर पडते, आणि पुढच्या वेळी कमी पाण्यात मळ सुटतो.

या मांडणीवर आणखी दोन आक्षेप येऊ शकतात. पहिला असा की बैलाच्या खांद्यावरचे तूप आणि क्लिअर कोटवरचे मेण यांची सांगड घालणे ओढूनताणून आहे. घरातले तेल गाडीला लावले तर नुकसानच होईल. नुकसान होईल हे अगदी खरे. करडईचे किंवा जवसाचे तेल गाडीवर चिकट होऊन धूळ धरेल आणि पुढे पिवळट पापुद्रा सोडेल. ते कुणी लावू नये. परंपरेतून घ्यायचे ते द्रव्य नव्हे, क्रम: काढा, कोरडे करा, थर द्या, थर झिजला की पुन्हा द्या. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या जिल्ह्यात उसाला अखंड पाणी जाते, तिथे गाडीच्या दोन बादल्यांनी काय वाचणार? जिल्ह्याच्या पाण्याच्या ताळेबंदात ही बचत नगण्य आहे, हे मान्य करायला हवे, आणि उसाच्या प्रश्नाचे ओझे गाडी धुणाऱ्या कुटुंबावर टाकणे अन्यायाचे होईल. पण घरगुती बोअर उसाला पाणी देणाऱ्या कालव्यावर चालत नाही. एप्रिलमध्ये गल्लीतल्या एका बोअरमधून गेलेले पाणी शेजारच्या बोअरमधून कमी होऊ शकते, आणि शेजारचे ते पिण्याचे असू शकते. २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ही आठवण या भागाला पुरेशी आहे. शिवाय ही बचत त्यागाच्या नावाखाली मागितलेली नाही. कमी आणि नीट वापरलेल्या पाण्यानेच रंग जास्त टिकतो.

खंडेनवमीला या जिल्ह्यात औजारांबरोबर मोटारी आणि ट्रॅक्टरही धुऊन पूजले जातात. जुन्या आणि नव्या वाहनाचे नाते लोकांनी स्वतःच असे जुळवून ठेवले आहे. त्या दिवशी फक्त अर्धी राहिलेली रीत पूर्ण करायची आहे. हाराची तार बोनटवर घासू देऊ नये, ओल्या फुलांचे आणि हळदी-कुंकवाचे डाग त्याच संध्याकाळी उतरवावेत आणि धुतलेल्या अंगावर वर्षाचा पहिला मेणाचा थर द्यावा. ज्या समाजाने चामड्याची मोट रोज पाण्यात बुडवूनही वर्षे चालवली, त्याला हे वेगळे शिकवावे लागणार नाही. आपल्याच हातातले एक कौशल्य नव्या पृष्ठभागावर वापरायचे आहे, एवढे त्याने ओळखले तर परभणीच्या उन्हात गाडीचा रंगही टिकेल आणि दारातले पाणीही.