झाशीची नेमणूक आणि सांभाळणाऱ्याचा विसावा

झाशीचे नाव निघाले की आपली दृष्टी १८५८ च्या वेढ्याकडे आणि किल्ल्याच्या बुरुजांकडे जाते. त्याआधीची तीन-चार वर्षे आपण घाईने ओलांडतो. आम्हांस मात्र त्या मधल्या वर्षांत आजच्या एका घरगुती प्रश्नाचे मूळ दिसते. घरातील आजाऱ्याला, वृद्धाला किंवा अपंग मुलाला रात्रंदिवस सांभाळणाऱ्या माणसाने चार दिवस विसाव्यास जायचे म्हटले, तर त्याचा खर्च सरकारने दिलेल्या पैशातून व्हावा काय?

गंगाधररावांनी २० नोव्हेंबर १८५३ रोजी पाच वर्षांच्या मुलास दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेवले, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचे देहावसान झाले. डलहौसीने दत्तकास गादी नाकारली; १८५४ साली झाशी खालसा झाली. राणी लक्ष्मीबाईंस दरमहा पाच हजार रुपयांची नेमणूक ठरली. महाराजांची खासगी मिळकत मात्र दत्तकपुत्राची मानण्यात आली आणि त्यातील रोकड सरकारने त्याच्या नावे ताब्यात ठेवली. मुलाच्या मुंजीसाठी बाईसाहेबांनी त्यातून एक लाख रुपये मागितले, तेव्हा जामीन घेतल्यावाचून ते मिळाले नाहीत. इकडे त्यांच्या स्वतःच्या नेमणुकीतून पतीचे देणे कापून घेण्याचा आग्रह सरकारने धरला. वैधव्यविधीसाठी काशीस जाण्याची त्यांची इच्छाही पुरी होऊ दिली नाही, असे चरित्रकार सांगतात.

राणीची स्थिती आणि सामान्य गृहिणीची स्थिती एक नव्हे, हे आम्ही जाणतो. काशीची यात्रा म्हणजे मौजेची सहलही नव्हे. तरीही या व्यवहारात दोन तत्त्वे गुंतलेली आहेत, ती निराळी करून पाहिली पाहिजेत. अज्ञान मुलाचा पैसा हा पालकाचा पैसा नव्हे, हे पहिले तत्त्व. ते परक्या सरकारने मतलबाने वापरले असेल, पण मुळात खोटे नाही. दुसरे तत्त्व असे की, जो सांभाळतो त्याचा स्वतःचा असा काही निर्वेध वाटा असला पाहिजे, आणि तो घेऊन त्यास उंबरठ्याबाहेर पडता आले पाहिजे. झाशीत पहिल्या तत्त्वाचा कडेकोट बंदोबस्त झाला आणि दुसऱ्याची वाट कोणी पाहिली नाही. अन्याय झाला तो येथे.

आपल्या जुन्या समाजाने या दुसऱ्या गोष्टीची थोडी सोय केली होती. तिचे नाव माहेरपण. वर्षभर सासू-सासऱ्यांचे दुखणे काढणारी सून चार दिवस माहेरी जाई. तिच्या माघारी नणंद किंवा जाऊ घर सांभाळी, आणि खर्च बाप-भाऊ करीत. पण १७४२ च्या सुमारास नारो शंकरांबरोबर आणि पुढे नेवाळकरांच्या अमलात जी मराठी कुटुंबे बुंदेलखंडात स्थिरावली, त्यांपैकी ज्यांचे सोयरे देशावर वा कोकणात राहिले, त्यांच्या लेकीसुनांस हे माहेरपण किती दुर्मिळ झाले असेल! १८८९ मध्ये इटारसीकडून झाशीस रेल्वे आली तेव्हा अंतर कमी झाले. परंतु तिकिटाचे दाम आणि माघारी पाहणारे माणूस, हे दोन प्रश्न गाडीने सोडविले नाहीत.

स्वतंत्र भारताच्या सरकारने ते सोडविले काय? १९५६ पासून केंद्रीय नोकरास रजेच्या प्रवासाची सवलत मिळते. पण घरात शुश्रूषा करणारी स्त्री बहुधा कोणाच्याच हजेरीपटावर नसते. सोबत्यावाचून प्रवास करू न शकणाऱ्या अपंगाच्या सोबत्यासही रेल्वे भाड्यात सूट देते. सूट योग्यच आहे. पण ती सोबतीची आहे, सुटकेची नव्हे. एकट्याने जायचे म्हटले की सोबत्याचा हक्क संपतो. वृद्धांस केंद्राकडून मिळणारे निवृत्तिवेतन ८० वर्षांखालील व्यक्तीस महिना २०० रुपये आणि त्यापुढे ५०० रुपये. त्यात राज्याने भर घातली तरी त्यातून औषधे भागणे कठीण. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, ज्यांस अधिक आधार लागतो त्यांच्यासाठी सांभाळभत्त्याचा उल्लेख आला आहे. राष्ट्रीय न्यासाच्या 'समर्थ' योजनेने अपंग व्यक्तीस काही काळ ठेवून घेऊन कुटुंबास उसंत देण्याची कल्पनाही मांडली. बीज पडले आहे. पण झाशीच्या गल्लीतील घरापर्यंत त्याची सावली पोहोचावयाची आहे.

इतर देशांनी या प्रश्नाची गाठ कशी सोडविली ते पाहण्याजोगे आहे. जर्मनीत १९९५ पासून शुश्रूषेचा सक्तीचा विमा आहे. घरचा माणूस आजारी पडला किंवा सुटीवर गेला, तर त्याच्या जागी येणाऱ्याचा खर्च विमानिधी ठरावीक मर्यादेपर्यंत सोसतो. २०२५ च्या जुलैपासून ही मुदत वर्षाकाठी आठ आठवड्यांपर्यंत आहे. इंग्लंडात सांभाळणाऱ्यास स्वतंत्र भत्ता आहे, आणि २६ आठवड्यांत चार आठवडे त्याने विसावा घेतला तरी तो बंद होत नाही. दोन्हीकडे सांभाळणाऱ्याच्या विसाव्याचा विचार केलेला आहे. सरकार मुख्यतः सहलीचे तिकीटही देत नाही. ते मोकळीक देते.

म्हणून आरंभीच्या प्रश्नास आमचे उत्तर दुहेरी आहे. वृद्धाच्या किंवा अपंगाच्या नावाने आलेल्या पैशातून सांभाळणाऱ्याने सुटी घेऊ नये. तो पैसा ठेव आहे. परंतु सांभाळणाऱ्याच्या विसाव्यासाठी शासनाने निराळी तरतूद अवश्य करावी. लोकांच्या करातून चैन कशाला, असे कोणी विचारील. त्यास आम्ही एवढेच म्हणू की, शुश्रूषा करणारे माणूस अंथरुणास खिळले म्हणजे एका घरात दोन रोगी होतात, आणि तो खर्च कोणाच्याच हिशेबात धरलेला नसतो. जिचे माहेर दूर राहिले किंवा उरलेच नाही, तिला वर्षातून चार दिवस तरी कोणी म्हणावे, ‘तू जाऊन ये, आम्ही पाहतो.’ झाशीच्या राणीस हे शब्द कोणी ऐकविले नाहीत. तिच्या शहरातील आजच्या लेकीसुनांस ते ऐकू यावेत, एवढीच आमची इच्छा.