डांबर, दगडी कोळशाचे

दगडी कोळसा हवेच्या अभावी तापविला असता कोक व वायू यांबरोबर मिळणारा काळा, दाट व उग्र वासाचा द्रव. रस्त्यांसाठी आज वापरले जाणारे डांबर बहुधा खनिज तेलापासून मिळणारे बिट्युमेन असते. ते यापासून भिन्न होय.

डब्ल्यू. एच. पर्किन यांनी १८५६ मध्ये डांबरजन्य ॲनिलिनापासून जांभळा रंग बनविला व या टाकाऊ द्रव्यास मोल आले. मुंबईत १८६५ मध्ये रस्त्यांवर वायुदीप लागले; त्यांसाठी कोळशापासून वायू करताना हे डांबर उपपदार्थ म्हणून निघे. अंबरनाथ–बदलापूर परिसरातील रंजकद्रव्यांचे कारखाने याच रसायनशास्त्राचे वारसदार होत. मात्र अशा उद्योगांचा कच्चा माल आता मुख्यतः खनिज तेलापासून मिळतो.

डब्ल्यू. एच. गोकरमन यांनी १९२५ मध्ये सोरियासिसवर डांबराचे मलम व जंबुपार किरण यांची संयुक्त चिकित्सा सुचविली. तथापि, त्यापूर्वीच १९१५ मध्ये यामागिवा व इचिकावा यांनी सशांच्या कानांस वारंवार डांबर लावून कर्करोग उत्पन्न केला होता. बेंझोपायरीन हे त्यातील कर्कजनक संयुग १९३३ मध्ये वेगळे करण्यात आले. म्हणून शुद्ध केलेले, ठराविक प्रमाणातील डांबरच वैद्यकीय सल्ल्याने वापरतात. औद्योगिक डांबर त्वचेस लावणे धोक्याचे असते.